मायक्रोकंट्रोलर विद्युतप्रवाह कसा मोजतो आणि कसा आवरतो

मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, विद्युतप्रवाह थेट कळत नाही. त्याच्यातला एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग संकेताचे अंकांत रूपांतर करणारा भाग, फक्त व्होल्टेज मोजतो आणि तेही ज्या क्षणी नमुना घेतला त्या क्षणापुरतेच. त्यामुळे एखाद्या कॉइलमधून किंवा मोटरमधून किती प्रवाह वाहतो हे जाणून घ्यायचे असेल, तर आधी त्या प्रवाहाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करावे लागते. या रूपांतरात राहिलेली चूक पुढे कितीही कुशलतेने लिहिलेल्या प्रोग्रामला भरून काढता येत नाही, आणि म्हणूनच मला मोजणीचा भाग नियंत्रणापेक्षा अधिक अवघड वाटतो.

सर्वांत सरळ मार्ग शंटचा आहे. प्रवाहाच्या वाटेत अगदी कमी रोधाचा रेझिस्टर जोडायचा आणि त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजून ओहमच्या नियमाने प्रवाह काढायचा. ०.१ ओहमच्या शंटमधून १ अँपिअर प्रवाह गेला, तर त्यावर १०० मिलिव्होल्ट मिळतात आणि ०.१ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह ५ अँपिअर झाला, की हीच उष्णता २.५ वॅटवर जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंट लहान ठेवावा लागतो तो यासाठी. पण लहान शंटवर मिळणारे व्होल्टेजही लहानच असते. १० बिटांचा एडीसी ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे त्याची एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, आणि आपल्या शंटच्या हिशेबात ती ४९ मिलिअँपिअरची होते. २० मिलिअँपिअरवर चालणारा एलईडी अशा मोजणीत दिसणारच नाही. मध्ये २० पट वाढ देणारा अँप्लिफायर घातला, तर तीच पायरी सुमारे २.४ मिलिअँपिअरवर येते.

येथे बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीकडेही लक्ष द्यावे लागते. नेहमीच्या ३५ मायक्रोमीटर जाडीच्या, १ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे ५ मिलिओहम असतो. मोजणीच्या तारा शंटच्या टोकांवरून न घेता पट्टीच्या पलीकडून घेतल्या, तर ०.१ ओहममध्ये ५ टक्क्यांची भर पडते, आणि ही भर स्थिरही राहत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून मोजणीच्या दोन तारा थेट शंटच्या टोकांपासून स्वतंत्रपणे नेतात. अचूक शंटसाठी मँगनीनसारखा मिश्रधातूही याच कारणाने वापरतात. एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्ये विकसित केलेल्या या तांबे, मँगनीज आणि निकेल यांच्या मिश्रणाचा रोध तापमानानुसार फारच थोडा बदलतो. प्रवाह मोठा असेल किंवा मोजणीचे सर्किट मुख्य सर्किटपासून विलग ठेवायचे असेल, तर एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर सोयीचे पडतात; ते प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मोजतात.

आता नियंत्रणाकडे वळू. मायक्रोकंट्रोलर प्रवाह कमी-अधिक करतो तो मॉसफेट, म्हणजे स्विचसारखा वापरला जाणारा ट्रान्झिस्टर, वेगाने चालू-बंद करून. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. कॉइलला प्रवाहातला अचानक बदल सोसत नाही, त्यामुळे मॉसफेट बंद झाल्यावरही तिच्यातला प्रवाह एकाच दिशेने वाट देणाऱ्या डायोडमधून फिरत राहतो. शंट मॉसफेट आणि ग्राउंड (सर्किटचे शून्य व्होल्टेजचे टोक) यांच्यामध्ये असेल, तर हा फिरणारा प्रवाह त्याच्यातून जात नाही आणि त्या काळात एडीसी शून्य दाखवतो. कॉइलमध्ये ०.६ अँपिअर वाहत असताना आणि मॉसफेट ६० टक्के वेळ चालू असताना शंटवरच्या व्होल्टेजची नुसती सरासरी घेतली, तर उत्तर ०.३६ अँपिअर येते. अशा जोडणीत नमुना मॉसफेट चालू असण्याच्या काळाच्या बरोबर मध्यावर घ्यावा, कारण प्रवाह एकसारखा चढत असताना तेथील मूल्य कॉइलमधल्या सरासरीच्या जवळ असते.

मोजलेला प्रवाह हवा तितका आहे की नाही हे पाहून प्रोग्राम चालू काळाचे प्रमाण बदलत राहतो. याची गरज कॉइल तापल्यावर उघड होते. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १२ ओहमच्या थंड कॉइलमध्ये ०.६ अँपिअर राखायला ६० टक्के प्रमाण पुरते. कॉइल ५० अंशांनी तापून तिचा रोध १४.४ ओहमच्या आसपास गेला, की त्याच प्रवाहासाठी ७२ टक्के लागतात. प्रोग्राम सध्याच्या त्रुटीबरोबर आतापर्यंत साचत आलेली त्रुटीही हिशेबात घेतो, आणि हा साठा नवे प्रमाण आपोआप गाठून देतो. मात्र त्याला मर्यादा घातलीच पाहिजे. कॉइलची तार सुटली, तर प्रवाह शून्यावर राहतो, साठा वाढतच जातो आणि तार पुन्हा टेकताच कॉइलला पूर्ण जोराचा झटका बसतो.

यापलीकडे एक काळजी प्रोग्रामच्या हाती नसते. मायक्रोकंट्रोलर सुरू होताना काही क्षण त्याच्या पिनांवर ठरलेले व्होल्टेज नसते, आणि तेवढ्या वेळात मॉसफेट अर्धवट चालू होऊन जळू शकतो. त्याच्या गेटपासून, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकापासून, ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला, की प्रोग्रामची पहिली ओळ चालेपर्यंत मॉसफेट बंदच राहतो.