तिप्पाण्णा, केरबा आणि जगलेली पोरं

निपाणी, संकेश्वर, खानापूर भागातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून बघा, आजोबांच्या रांगेत एखादा तरी 'कै. तिप्पाण्णा' असतोयच. कन्नडमध्ये तिप्पे म्हणजे उकिरडा. एवढं घाण नाव लाडाच्या पोराला ठेवलं कुणी, आणि ते एवढं चाललं कसं?

आधीची दोन-तीन पोरं दगावली की पुढचं जन्मल्यावर त्याला केरात नाहीतर उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचे, म्हणजे सटवाईला, नजर लावणाऱ्याला वाटावं की टाकून दिलेलं पोर, नेऊन काय उपयोग. मराठीत तोच केरबा. धोंडू, दगडू, नाक टोचलेला नथू, सगळे एकाच खानदानातले. मंगोलियात तर पोराला 'नेरगुई' म्हणजे 'नाव नाही' असंच नाव ठेवतात, कारण सेम!

आता गंमत आकड्यांची आहे. १९७१ साली भारतात जन्मलेल्या १००० बाळांमागं १२९ पहिल्या वर्षातच जायची. आकडा भयंकर आहे पण उलटं बघा, ८७१ बाळं पहिलं वर्ष पार करायची. ज्या घरात आधी पोरं गेलीत तिथं धोका जास्त असतो हे खरं, तरीपण पुढचं पोर जगायची शक्यता बहुतेक वेळा मोठीच असायची, आणि जगलं की क्रेडिट नावाला. जो तिप्पाण्णा तान्हेपणीच गेला त्याची पत्रिका छापलीच नाही, तो कुणाच्या हिशोबात आला नाही, दिसले ते फक्त जगलेले, मग गाव म्हणणारच की नाव लागू पडतंय. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. वर आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळं ज्या घरात एकही पोर दगावलं नाही तिथंसुद्धा तिप्पाण्णा आला.

२०२० ला तो १२९ चा आकडा २८ वर आला. लसी आल्या, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, देवीचा रोग तर १९७५ नंतर देशातून गेलाच. सटवाईला फसवायची गरज राहिली नाही, आणि नवीन पोरांत हे नाव आता शोधूनच काढावं लागतं (आरव मात्र गल्लोगल्ली).

पण सरसकट असं धरू नका हं. चित्रदुर्गकडं नायकनहट्टीचे तिप्पेरुद्रस्वामी आहेत, त्यांच्या भक्तीनं ठेवलेली तिप्पेस्वामी, तिप्पेश नावं वेगळी. नुसत्या नावावरून कुठला तिप्पाण्णा कुठल्या वाटेनं आला ते कळत नाही, त्याच्या आधीची किती भावंडं गेली ते घरातल्या म्हातारीलाच विचारावं लागतं.