तपासणीची धास्ती

तपासणीची धास्ती : स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर ठरावीक काळाने मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा इतर तपासण्या कराव्या लागतात. त्या तारखेच्या आगेमागे बाईच्या जिवाला जो घोर लागतो, ती ही धास्ती. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) चालू असताना दवाखान्याच्या फेऱ्यांतच दिवस सरतात. ते संपले की घरचे म्हणतात, ‘सुटलीस बाई’, आणि नेमकी तेव्हा ही धास्ती डोके वर काढते. झोप उडते, घास उतरत नाही, हात सारखा काखेकडे जातो. पाठीत चमक भरली तरी आजार हाडात उतरला की काय असे वाटते. हा दुबळेपणा नव्हे. जिवावरच्या दुखण्यातून उठलेले मन सावध राहणारच. कमी वयात हा आजार झालेल्या स्त्रियांत ही भीती जास्त दिसते. मात्र भीती मोठी म्हणून आजार परतण्याचा धोकाही मोठा, असे नसते.

उपचारांनंतर पहिली 3 वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी 6 ते 12 महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा डॉक्टर हाताने तपासतात. जोडीला वर्षातून एकदा मॅमोग्राफी. स्तन राखून ऑपरेशन झाले असेल, तर पहिली मॅमोग्राफी शेक संपल्यावर किमान 6 महिन्यांनी करतात. काही त्रास नसताना पेट स्कॅन, हाडांचा स्कॅन किंवा ट्यूमर मार्करची (रक्तातल्या कर्करोगाच्या खुणांच्या तपासणीची) गरज नसते. तरीही ‘एकदाचा सगळ्या अंगाचा स्कॅन करून टाका, म्हणजे मन शांत होईल’ असा आग्रह घरोघरी होतो आणि त्यापायी अंगावरचे सोने मोडले जाते. इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. वरचेवर जास्तीच्या तपासण्या केलेल्या स्त्रिया त्यामुळे अधिक जगल्या नाहीत, आणि ज्या चाचणीत राहणीमानाचा दर्जाही मोजला होता तिथे त्यातही फरक पडला नाही. जादा स्कॅनने मिळणारी शांती पुढच्या तारखेपर्यंतही टिकत नाही.

मराठवाड्यात ही धास्ती मशीनपेक्षा वाट पाहण्याने वाढते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय असो, धाराशिव-बीडकडच्या बायांना जवळचे बार्शीचे कर्करोग रुग्णालय असो, की देवगिरी एक्स्प्रेसने गाठायचे मुंबईचे टाटा. तपासणी एका दिवशी, रिपोर्ट दुसऱ्या आणि डॉक्टरांची भेट तिसऱ्याच दिवशी, असे झाले की मधले दिवस गावात काढावे लागतात. अनेक घरांत रिपोर्ट मुलाच्या नाहीतर दिराच्या मोबाइलवर येतो. तो ओसरीवर जाऊन वाचतो, मेडिकलवाल्याला दाखवून येतो आणि बाई चुलीपाशी बसून त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत राहते. ‘काही नाही माय, नॉर्मल आहे,’ असे त्याने सांगितले तरी तिचा विश्वास बसत नाही, कारण पहिल्या गाठीच्या वेळीही तो असेच म्हणाला होता. त्याने हे मायेपोटीच केलेले असते. तरीही रिपोर्ट बाईचा आहे आणि तो आधी तिला कळला पाहिजे. तपासणीची तारीख घेतानाच ‘रिपोर्ट कधी, आणि समजावून कोण सांगणार’ हे विचारून दोन्ही कामे एकाच फेरीत बसवता आली, तर धास्तीचे निम्मे दिवस कमी होतात.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ (फोटोत दिसलेले किती संशयास्पद, हे सांगायची ठरलेली पद्धत) आणि एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे आजाराची स्टेज नव्हे. 4 वाचून ‘चौथी स्टेज’ समजणारी आणि रडारड करणारी घरे आहेत, म्हणून हे ठासून सांगावे लागते. 1 म्हणजे काही आढळले नाही. 2 म्हणजे जे दिसते ते निरुपद्रवी. ऑपरेशनचा व्रण बहुधा यातच बसतो. 3 म्हणजे बहुतेक साधेच, कर्करोग निघण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या वर नाही, 6 महिन्यांनी पुन्हा पाहू. 4 आणि 5 असल्यास तुकडा काढून तपासतात. 0 म्हणजे अजून निर्णय नाही. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्म हव्यात. या जुन्या फिल्म आणि सीडी फायलीतच ठेवाव्यात. मागच्या फोटोशी ताडून पाहता आले, तर विनाकारण परत बोलावणे टळते.

तारीख हुकली की धास्ती दुप्पट होते. बीड, धाराशिवकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची तारीख फडावर असतानाच उलटून जाते. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगून ती निघण्याआधीची किंवा पट्टा पडल्यावरची, म्हणजे हंगाम संपल्यावरची, घ्यावी. तुळजाभवानीला नवस बोलून धीर येत असेल तर जरूर बोलावा. अमावस्या आली म्हणून तारीख मात्र पुढे ढकलू नये. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत वा छातीला पावडर लावू नये, तिचे कण फोटोत डागांसारखे दिसू शकतात. शेक दिलेली बाजू घट्ट आणि हुळहुळी असते, तेव्हा मशीनवरच्या ताईंना आधीच सांगावे. दाब काही सेकंदांचाच असतो.

भीती बोलून दाखवल्याने आजार परत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (2017) अशी तीव्र भीती असलेल्या 222 जणांपैकी काहींना पाच बैठकांत एक वेगळी सवय लावली गेली: मनात आलेल्या काळजीशी झुंजायचे नाही, ती येऊ-जाऊ द्यायची आणि लक्ष हळूहळू बाहेरच्या आवाजांकडे, हातातल्या कामाकडे वळवायचे. नुसते अंग सैल सोडायला शिकलेल्यांपेक्षा यांची भीती जास्त ओसरली. नवी गाठ, व्रणावर पुरळ, दोन-तीन आठवडे न हटणारे हाडाचे दुखणे, दम लागणे यांसाठी मात्र तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

तारीख उलटून गेल्यावरही झोप येत नसेल, कामात मन लागत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना टॅमॉक्सिफेनची (आजार परतू नये म्हणून दिलेली) गोळी चालू असल्याचे आवर्जून सांगावे. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे तिच्या कामात अडथळा आणू शकतात, आणि त्याऐवजी देता येतील अशी दुसरी औषधे आहेत.