फौजदाराचा ओव्हरकोट

नवा ओव्हरकोट घातलेला फौजदार बाजाराच्या चौकातून चाललाय. मागे जप्त केलेल्या गूजबेरी नावाच्या आंबट फळांनी भरलेली चाळण घेऊन शिपाई. तेवढ्यात गलका होतो. ख्र्यूकिन नावाचा सोनार रक्ताळलेलं बोट उंच धरून उभा आहे आणि गर्दीच्या मधोमध कुत्र्याचं एक पांढरं पिल्लू थरथर कापतंय. ते त्याला चावलंय. फौजदार गरजतो, जनावरं मोकाट सोडणाऱ्या मालकाला दंड ठोकतो! गर्दीतून कुणीतरी म्हणतं, कुत्रा जनरलसाहेबांचा दिसतोय. फौजदाराला एकदम उकडायला लागतं. तो शिपायाला कोट काढायला सांगतो आणि सोनारावरच उलटतो: एवढंसं पिल्लू तुझ्या बोटापर्यंत पोचलंच कसं? शिपाई विचार करून म्हणतो, साहेबांचा नसावा. फौजदार पुन्हा सोनाराची बाजू घेतो. मग शिपायालाच वाटतं, साहेबांचा असेलही. लगेच फौजदाराला थंडी वाजते आणि कोट पुन्हा अंगावर चढतो.

अन्तोन चेकॉव्हची ही कथा १८८४ची. तिच्या रशियन नावाचा अर्थ रंग बदलणारा सरडा. त्याच वर्षी चेकॉव्ह मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला होता, आणि मला हा योगायोग महत्त्वाचा वाटतो. रोग्याची लक्षणं टिपावीत तसा तो कोट टिपतो. फौजदार घाबरला, असं सांगत नाही. ते आपण ओळखायचं.

ही ओळखण्याची क्रिया दिसते तेवढी साधी नाही. जनरलला काय वाटेल याची फौजदाराला धास्ती आहे, ती शिपायाला कळली आहे, आणि हे सगळं सोनाराच्या अजून लक्षात आलेलं नाही. तीन-चार मनं एकात एक बसवून आपण ती एकाच वेळी सांभाळतो, तीही दोन-तीन पानांत. दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधण्याच्या या क्षमतेला मानसशास्त्रात ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे मुलांना साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागतं.

कथा वाचून ही क्षमता वाढते का? २०१३मध्ये डेव्हिड किड आणि इमानुएल कास्तानो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वाचायला दिलेल्या मजकुरांत ही सरड्याची कथाही होती. वाचून झाल्यावर सहभागींना माणसांच्या फक्त डोळ्यांचे ३६ फोटो दाखवले. प्रत्येक फोटोसोबत चार शब्द, आणि त्यांतून त्या डोळ्यांतला भाव निवडायचा. साहित्यिक कथा वाचलेल्यांना थोडे जास्त गुण मिळाले. बातमी जगभर गाजली.

पुढे इतरांनी हा प्रयोग जास्त माणसांवर करून पाहिला, तेव्हा तो फरक दिसला नाही. २०१८मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले सामाजिक विज्ञानांतले २१ प्रयोग नव्याने तपासले गेले. त्यांतल्या १३ प्रयोगांचे निष्कर्ष टिकले, आणि हा त्या १३मध्ये नव्हता. वाचणाऱ्या माणसाला हे ऐकून वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण एक कथा वाचून अर्ध्या तासात माणूस बदलावा ही अपेक्षाच मुळात चमत्काराची होती. एकदा पळून कुणाचा दम वाढत नाही.

टिकलेली गोष्ट वेगळी आहे. वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांना डोळ्यांच्या चाचणीत सरासरीने जास्त गुण मिळतात. हे वाचन मोजायची युक्ती छान आहे: खऱ्या लेखकांच्या नावांत खोटी नावं मिसळून यादी द्यायची आणि ओळखीची नावं विचारायची. अर्थात, वाचनाने समज आली की माणसांची ओढ असणारेच कथांकडे वळले, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. लोकांना मुद्दाम वाचायला देऊन केलेले १४ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा कथावाचनाचा परिणाम दिसला, पण लहानसा.

मला सर्वांत जास्त भावतो तो टोरांटोमधला २००९चा प्रयोग. तिथेही चेकॉव्ह आणि तिथेही कुत्रा. ‘कुत्रा बाळगणारी बाई’ ही विवाहबाह्य प्रेमाची कथा एका गटाला दिली. दुसऱ्या गटाला त्याच घटना, तेवढ्याच लांबीत, घटस्फोटाच्या खटल्याचं कामकाज असल्यासारख्या लिहून दिल्या. एकूण १६६ जण होते. वाचनाआधी आणि नंतर सगळ्यांनी स्वतःच्या स्वभावाबद्दलची प्रश्नावली भरली. कथा वाचलेल्यांची उत्तरं जास्त हलली होती, आणि ती सगळी एकाच दिशेला नव्हे, तर ज्याची त्याची निराळी. एकाच प्रयोगावर इमारत बांधू नये, तरी हे मला पटतं. खटल्याच्या कागदात कोण दोषी हे आपण ठरवून मोकळे होतो. कथेत गुरोव्ह या व्यभिचारी माणसासोबत आपण त्या बाईच्या गावात तिच्या घराच्या कुंपणासमोर येरझाऱ्या घालतो.

कथेतून समाजाबद्दल जे कळतं, ते मात्र डोळ्यांच्या फोटोंत मावत नाही. सरड्याच्या कथेत शेवटी कळतं की पिल्लू जनरलच्या भावाचं आहे. फौजदार विरघळतो, पिल्लाचं कौतुक करतो. आणि जमलेली गर्दी हसते ती सोनाराला. फौजदाराला कुणीच हसत नाही. बोट चावलेला माणूस आपल्यातलाच आहे, हे त्या गर्दीला त्या क्षणी परवडणारं नसतं.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा फौजदारच दिसला. दुसऱ्यांदा गर्दी दिसली. शिपायाच्या हातातली चाळण खूप नंतर लक्षात आली. त्या गूजबेरी कुणाकडून जप्त केल्या, त्या माणसाचं नाव कथेत कुठेच येत नाही.