विकासरूपके (राजकीय भाषणांतील)

राष्ट्रीय विकासाविषयी बोलताना नेते बांधकाम, प्रवास, शेती, आजारपण अशा रोजच्या व्यवहारांतले शब्द योजतात. त्यांना ‘विकासरूपके’ ही संज्ञा आहे. अलंकारशास्त्रातील रूपकाला उपमेय (ज्याची तुलना होते ते) व उपमान (ज्याच्याशी होते ते) यांचा अभेद लागतो. भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ व तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन (१९८०) यांच्या मांडणीनंतर रूपकाची व्याप्ती रुंदावली व चेतनगुणोक्तीही (निर्जीवाला सजीवाचे गुण देणे) तीत आली. ‘विकास’ शब्द स्वतःच झिजलेले रूपक आहे : संस्कृतात त्याचा अर्थ उमलणे.

‘आधुनिक भारताची मंदिरे’ हे जवाहरलाल नेहरूंचे सर्वांत परिचित रूपक. त्याचा उगम काहीजण भाक्रा धरणाच्या लोकार्पणात (२२ ऑक्टोबर १९६३) मानतात. मात्र माणूस माणसांच्या हितासाठी राबतो ती जागाच सर्वांत मोठे मंदिर, मशीद, गुरुद्वारा, हा आशय ८ जुलै १९५४ च्या नांगल कालव्यांवरील भाषणातच आढळतो. तोच उगम अधिक ग्राह्य वाटतो. तेथे पावित्र्य श्रमाला आहे. रूढ वाक्प्रयोगात मशीद व गुरुद्वारा गळाले आणि पावित्र्य धरणाच्या भिंतीकडे गेले. १९५८ मध्ये नेहरूंनीच प्रचंड प्रकल्पांच्या हव्यासाला रोग म्हटले. हे रूपक क्वचितच उद्धृत होते.

रूपक ओळखताना आधी भाषण सलग वाचावे, मग शब्द सुटे करून प्रत्येकाचा संदर्भातील अर्थ आणि मूळ मूर्त अर्थ शेजारी मांडावेत. दोन्ही वेगळे असून एक दुसऱ्यावरून उमगत असेल, तर रूपक धरावे. ‘पायाभरणी’ येथे फसवते. कोनशिला समारंभात ती शब्दशः असते. तीही मोजली की बांधकाम-रूपकांची संख्या फुगते. गुजरातेतील वडोदऱ्यात झालेल्या भाषणांत ‘गती’ आणि ‘इंजिन’ यांबाबत हीच अडचण येते, कारण रेल्वे व वाहतुकीचे शिक्षण देणारे गतिशक्ती विद्यापीठ याच शहरात आहे. ‘डबल इंजिन’ (केंद्रात व राज्यात एकाच पक्षाचे सरकार) मात्र निःसंशय रूपक. त्यात मतदार प्रवासी ठरतो, चालक नव्हे.

वडोदऱ्यातील मराठी श्रोत्यापुढे भाषेचा प्रश्नही असतो. २०१७ च्या गुजरात निवडणुकीतील ‘विकास गांडो थयो छे’ या विरोधी घोषणेतील ‘गांडो’ म्हणजे वेडा. मराठी कानाला तो शिवीजवळचा वाटतो, म्हणून घोषणेची धार मराठीत अकारण वाढते. सत्ताधाऱ्यांच्या ‘हुं छुं विकास’ (मी आहे विकास) या उत्तराने वेड्या विकासाच्या जागी मतदारच उभा केला. वडोदऱ्याचे (बडोद्याचे) संस्थानिक सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची अनेक भाषणे इंग्रजीत झाली. मराठी पाठातील रूपक त्यांचे की अनुवादकाचे, हे मूळ पाहूनच ठरवावे.