‘आत्मिक इस्राएल’ या दाव्यामागचा इतिहास

‘आपण आत्मिक इस्राएल आहोत’, म्हणजे देवाचे निवडलेले लोक आता आपण, हे वाक्य ख्रिस्ती उपदेशांत इतक्या सहज येते की, पहिल्या शतकापासून ते एकाच अर्थाने म्हटले जात असावे असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे नाही. हा शब्दप्रयोग जसाच्या तसा बायबलमध्ये कुठेच सापडत नाही. त्याला मुख्य आधार आहे तो पहिल्या शतकातला प्रेषित पौल याच्या पत्रांचा, आणि त्याच पत्रांत परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना बजावलेले आहे की, या जागेचा गर्व करू नका. ही ताकीद कशी विसरली गेली आणि किती मोठी किंमत मोजल्यावर पुन्हा आठवली, यातच या कल्पनेचा खरा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

निवडीची कल्पना मुळात इब्री शास्त्राची, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यांना जुना करार म्हणतात त्या यहूदी ग्रंथांची. उत्पत्ती या पुस्तकात देव अब्राहामाशी करार करतो. यब्बोकच्या उतारापाशी रात्रभर झुंजलेल्या याकोबाला ‘इस्राएल’ हे नाव मिळते. सीनाय पर्वतापाशी त्याच्या वंशजांना सांगितले जाते की, तुम्ही याजकांचे राज्य व्हाल. पण ही निवड म्हणजे कौतुकाची थाप नव्हती. अनुवाद या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की, तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून देवाने तुम्हाला निवडले असे नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. संदेष्टा आमोस तर म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून देवाने तुम्हालाच जवळ केले, म्हणूनच तुमच्या अपराधांचा जाब तो तुम्हाला विचारील. संदेष्टा होशेय याच्या मुलाचे नावच ‘माझे लोक नव्हेत’ असे ठेवले जाते, आणि पुढे तेच नाव फिरवून ‘माझे लोक’ असे वचन मिळते. संदेष्टा यिर्मया ज्या नव्या कराराची घोषणा करतो, तो इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी आहे, हेही विसरून चालणार नाही.

‘खरा इस्राएल कोण’ हा वाद ख्रिस्ती लोकांनी सुरू केलेला नाही. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्या लिहिणारा पंथही स्वतःला कराराशी एकनिष्ठ राहिलेला अवशेष मानत होता. पौल लिहू लागला तेव्हा हा यहूद्यांचा घरातला वाद होता, आणि पौल घरातलाच माणूस होता.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याचा सूर तापलेला आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी, असा आग्रह काही जण धरत होते. पौलाचे उत्तर असे: जे ख्रिस्ताचे, ते अब्राहामाचे संतान आणि वचनाचे वारस. त्याच पत्राच्या शेवटी ‘देवाच्या इस्राएला’वर शांती असो, असा आशीर्वाद येतो. तो संपूर्ण मंडळीला आहे की ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या यहूद्यांना, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. ‘आत्मिक इस्राएल’ची बरीचशी इमारत या एका ओळीवर चढवली गेली आहे, म्हणून हे लक्षात ठेवलेले बरे.

सुमारे ५७ साली रोमकरांस लिहिताना त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. सम्राट क्लौद्याने ४९ च्या सुमारास यहूद्यांना रोममधून हाकलले होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्यांतलेच. क्लौद्याच्या मृत्यूनंतर यहूदी परतू लागले तेव्हा मंडळीत परराष्ट्रीयांचा वरचष्मा झाला होता, असे अनेक अभ्यासक मानतात. नवव्या अध्यायात पौल म्हणतो की, इस्राएलाच्या वंशात जन्मलेले सगळेच इस्राएल नव्हेत. पुढची अनेक शतके लोकांनी हे वाक्य उचलले आणि अकराव्या अध्यायापर्यंत जाण्याची तसदी घेतली नाही. तिथे जैतुनाचे झाड आहे. काही फांद्या तोडल्या गेल्या आहेत आणि रानटी जैतुनाच्या फांद्यांचे कलम तिथे लावले आहे. पौल त्या कलमी फांदीशी थेट बोलतो: तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देते. गर्व करू नको, भीती बाळग. देवाने मूळच्या फांद्यांची गय केली नाही, तर तुझी का करील? आणि तोडलेल्या फांद्या तो पुन्हा जोडू शकतो. अध्यायाच्या शेवटाकडे तो सांगतो की, देवाची दाने आणि त्याचे पाचारण परत घेतले जात नाही. या कल्पनेचा गाभा मला इथेच दिसतो: परराष्ट्रीय आत घेतले जातात, पण कुणाला बाहेर ढकलून नव्हे.

मग ७० साली रोमन सेनापती तीत याच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. १३२ ते १३५ च्या बार कोखबाच्या रोमविरुद्धच्या उठावानंतर सम्राट हद्रियानाने यहूद्यांना त्या शहरात पाऊल ठेवायलाही मनाई केली. मंडळी आता बहुतांशी परराष्ट्रीयांची होती आणि घरातला वाद दोन घरांमधला झाला.

ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरचा ‘त्रिफोशी संवाद’ नेमका या वळणावरचा आहे. तो सुमारे १५५ ते १६० च्या दरम्यान लिहिला गेला. त्यातला त्रिफो हा त्याच युद्धातून निसटून ग्रीसमध्ये आसरा घेतलेला यहूदी आहे. जस्टिन त्याला सांगतो: खरा, आत्मिक इस्राएल आम्ही आहोत. ही भाषा इतकी उघडपणे प्रथम इथे भेटते. त्याही पुढे जाऊन तो म्हणतो की, सुंतेची खूण तुम्हाला दिली ती तुम्ही वेगळे ओळखले जावे आणि आज जे भोगता आहात ते एकट्यानेच भोगावे म्हणून. युद्धात देश उद्ध्वस्त झालेल्या माणसासमोर बसून हे म्हटले गेले आहे. तरीही पुस्तकाच्या शेवटी दोघे एकमेकांना सदिच्छा देऊन निरोप घेतात, आणि मोशेचे नियमशास्त्र इतरांवर न लादता पाळणारा ख्रिस्तभक्त यहूदी तारला जाईल, असेही जस्टिन मान्य करतो. नंतरच्या लेखकांत एवढाही मोकळेपणा क्वचितच दिसतो.

दुसऱ्या बाजूला मार्सियन हा ख्रिस्ती शिक्षक होता. त्याने जुना करार आणि त्यातला देव दोन्ही टाकून दिले. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बहिष्कृत केले. तो निर्णय फार मोलाचा होता, कारण इब्री शास्त्र ख्रिस्ती लोकांच्या हाती राहिले. पण ते शास्त्र आपले म्हणायचे तर त्यातला इस्राएलही आपणच, असा युक्तिवाद त्यामुळे अधिक पक्का झाला. वचने आपल्याकडे घ्यायची आणि शाप यहूद्यांकडे ठेवायचे, अशी वाटणी रूढ झाली. धर्मशास्त्री ऑगस्टीनने थोडा आवर घातला. ५९ व्या स्तोत्रातल्या ‘त्यांना मारू नको’ या शब्दांवरून तो म्हणाला की, यहूदी आपल्या ग्रंथांसह सर्वत्र विखुरलेले राहावेत, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेला साक्ष मिळेल. यात जिवाचे रक्षण होते, मान नव्हता.

आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या दक्षिण दारी सुमारे १२३० मध्ये दोन स्त्रियांचे पुतळे बसवले गेले. आज दारापाशी त्यांच्या प्रतिकृती आहेत आणि मूळ पुतळे जवळच्या संग्रहालयात. एक मंडळी: मस्तकावर मुकुट, हातात क्रूस आणि प्याला, नजर समोर रोखलेली. दुसरी सभास्थान, म्हणजे यहूदी धर्म: डोळ्यांवर पट्टी, भाल्याचे तुकडे झालेले, हातातून निसटू पाहणाऱ्या नियमशास्त्राच्या पाट्या. शिल्पकाराने दुसरीलाही तितकेच सुंदर घडवले आहे, आणि त्यामुळे ती अधिकच जिव्हारी लागते. वाचता न येणाऱ्यालाही त्या दारातून जाताना कळत होते की, निवडलेली कोण आणि टाकलेली कोण. याच शहरात १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, प्लेगच्या भीतीच्या काळात, शेकडो यहूद्यांना जिवंत जाळले गेले. पुतळ्यांनी आग लावली असे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी लावली, ते त्याच दारातून प्रार्थनेला जात होते.

धर्मसुधारणेच्या काळात चित्र गुंतागुंतीचे होते. ल्यूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहूदी होता, हे आवर्जून सांगणारी पुस्तिका लिहिली. १५४३ मध्ये त्यानेच यहूद्यांची सभास्थाने जाळा, असे लिहिले. काल्विनने दोन्ही करारांमधून वाहणारा एकच कृपेचा करार पाहिला. त्यातून मंडळी आणि इस्राएल यांची सलगता मानणारी परंपरा निघाली. आजच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तिच्याच वारसदार आहेत.

पुढे हा दावा मंडळीकडून राष्ट्रांकडे सरकला. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या प्युरिटन ख्रिस्ती लोकांना जॉन विन्थ्रॉपने डोंगरावरच्या नगराची उपमा दिली आणि मोशेच्या शेवटच्या उपदेशाने आपले प्रवचन संपवले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी १६ डिसेंबर १८३८ रोजी झुलूंवर मिळवलेला विजय देवाशी केलेल्या कराराचे फळ मानला. पण अमेरिकेत गुलाम केलेल्या काळ्या ख्रिस्ती लोकांनी हेच शास्त्र ऐकले तेव्हा त्यांना इस्राएलाला गुलाम करणारा मिसरचा राजा फारो आपल्या मालकाच्या घरात दिसला. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक ‘मोशे’ म्हणत. इस्राएल म्हणजे सत्तेचा परवाना नव्हे, तर ज्याचा आक्रोश देव ऐकतो तो समाज, हे निर्गमाचे, म्हणजे मिसरमधून इस्राएलाच्या सुटकेच्या कथेचे, वाचन त्यांनी जपले. माझ्या मते ते मूळ ग्रंथाच्या अधिक जवळ आहे.

एकोणिसाव्या शतकात धर्मप्रचारक जॉन नेल्सन डार्बीने उलट दिशा धरली: इस्राएल वेगळा, मंडळी वेगळी, आणि इस्राएलाला दिलेली वचने अक्षरशः पुरी व्हायची आहेत. १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलमधल्या टिपांनी हे मत घरोघरी नेले. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा या परंपरेतल्यांना भविष्यवाणी पुरी होताना दिसली. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक मात्र १९३० च्या दशकापासून ही वचने आत्मिक इस्राएलाला लागू करतात आणि त्यांची संख्या प्रकटीकरणातल्या १,४४,००० शी जोडतात.

पण विचार मुळापासून हलला तो नाझींनी केलेल्या यहूद्यांच्या नरसंहाराने. १९३९ मध्ये जर्मनीतल्या आयझेनाख येथे काही प्रॉटेस्टंटांनी ख्रिस्ती जीवनातून यहूदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी एक संस्थाच काढली होती. मार्सियनचे भूत पुन्हा उठले होते. युद्धानंतर फ्रेंच यहूदी इतिहासकार ज्यूल इझाक यांनी ‘तिरस्काराच्या शिकवणी’चा माग काढला, त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या हातून मारल्या गेल्या होत्या. १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन जाहीर केले: यहूद्यांना देवाने टाकलेले किंवा शापलेले म्हणून दाखवू नये. तिथेही मंडळीला ‘देवाचे नवे लोक’ म्हटले आहे, पण आधार जैतुनाच्या झाडाचाच घेतला आहे. १९८० मध्ये माइंत्स येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी यहूद्यांशी केलेला जुना करार देवाने कधीही रद्द केलेला नाही, असे म्हटले. २०१५ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने तर शीर्षकच रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातून घेतले. ख्रिस्ताची उघड कबुली न देता यहूदी तारणात कसे सहभागी होतात, हे देवाचे अथांग रहस्य आहे, असे त्यात मान्य केले आहे.

सगळ्यांना हे पटलेले नाही. ख्रिस्त हाच खरा इस्राएल आणि त्याच्यात जे आहेत तेच देवाचे लोक, असे मानणारे गंभीर अभ्यासक आहेत, आणि हे मत यहूदीद्वेषाशिवायही मांडता येते. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांसाठी तर हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. अब्राहामाला दिलेल्या भूमीच्या वचनाचा हवाला देऊन आपल्याच जमिनीवरचा आपला हक्क नाकारला जातो, हा त्यांचा अनुभव आहे. २००९ च्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ निवेदनात त्यांनी लष्करी ताबा हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप ठरवले, आणि भूमीचे वचन हा राजकीय कार्यक्रम नसून सर्वांच्या तारणाची सुरुवात आहे, असे म्हटले.