उष्णता वाहणाऱ्या घनपदार्थातले तरंग: सोडून दिलेल्या पदांची हकीकत

सुखनिवासजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रामुळे आम्हा इंदूरकरांना लेसर हा शब्द परका राहिलेला नाही. लेसरचा क्षणभराचा झोत धातूवर पडला की तेवढी जागा तापते, फुगू पाहते आणि त्या धक्क्याने धातूत तरंग निघतो. पृष्ठभाग असा क्षणात तापवून तरंग उठवण्यावरचा आर. एम. व्हाइट यांचा शोधनिबंध १९६३ चा. त्यामागचे गणित मात्र तेव्हाच सव्वाशे वर्षांचे होते.

फूरिएने १८२२ मध्ये उष्णतावहनाचे समीकरण दिले. त्यात पदार्थाच्या ताणण्या-दबण्याला जागा नव्हती. ती द्युआमेलने १८३७ मध्ये केली: तापमान बदलले की ताण येतो, आणि पदार्थ दाबला की तोही किंचित तापतो. यातला दुसरा परिणाम इतका बारीक, की व्यवहारातल्या हिशेबात त्याचे पद, म्हणजे समीकरणातला तेवढा भाग, सर्रास सोडून दिले जाई. केल्विनने १८५५ मध्ये त्या परिणामाला ऊष्मागतिकीचा (उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राचा) आधार दिला. उष्णतेचे आणि ताणाचे अशा दोन्ही समीकरणांची पक्की जोडणी बिओने १९५६ मध्ये केली.

दोनच वर्षांनी चॅडविक आणि स्नेडन यांनी या जोडसमीकरणांतून सपाट तरंग कसे जातात ते तपासले. मला या साऱ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. अवतरंगात (कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात तो) आकारमान बदलत नाही, म्हणून उष्णतेचा त्याला स्पर्शही होत नाही. अनुतरंगाला (कण तरंगाच्याच दिशेत मागेपुढे हलतात तो) मात्र उष्णतेची जोड मिळते आणि तो हळूहळू विरत जातो. त्याच्यासोबत उष्णतेचा एक वेगळा, झपाट्याने मावळणारा तरंगही असतो. कंपने सावकाश असतील तर उष्णतेला लांबच्या लांब तरंगातून निसटायला वेळ पुरायला हवा, असे वाटते. घडते उलटे! तरंग लांब असला की दाबलेल्या भागाची उष्णता ताणलेल्या भागापर्यंत पोचतच नाही आणि धातू थोडा अधिक ताठ वागतो. सेकंदाला हजारो कोटी कंपने झाली, तरंग अतिशय आखूड झाला, की मगच तापमान सगळीकडे सारखे होऊ लागते आणि वेग किंचित उतरतो.

आणखी एक पद असेच मागे राहिले होते. फूरिएच्या समीकरणानुसार एका टोकाला दिलेल्या उष्णतेचा अंश त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला पोचतो, म्हणजे वेग अमर्याद. यावर उपाय ठरणारे, उष्णतेला वाहू लागायला किंचित वेळ लागतो असे सांगणारे पद मॅक्सवेलने १८६७ मध्ये वायूंच्या संदर्भात लिहिले आणि नगण्य म्हणून गाळले. कात्तानेओने १९४८ मध्ये ते परत आणले. लॉर्ड आणि शुलमन यांनी १९६७ मध्ये तरंगांच्या सिद्धांतात बसवले.

यानंतर ग्रीन-लिंडसे (१९७२), ग्रीन-नाग्डी असे सिद्धांत येत गेले. माझ्या मते त्यांतल्या प्रत्येक नव्या स्थिरांकामागे मोजमाप हवे. उष्णता खरोखर तरंगासारखी जाते हे घन हेलियमात १९६६ मध्ये दिसले, पण अतिथंड अवस्थेत. २०१९ मध्ये ग्रॅफाइटमध्ये ते १०० केल्विनच्या (सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअसच्या) वरही दिसले. साध्या तापमानाच्या धातूत कात्तानेओच्या त्या पदाचा परिणाम सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपासच्या काळापुरता उरतो. तिथे बिओची समीकरणे पुरतात.