महिला व्यावसायिक गोल्फपटूची कारकीर्द

गोल्फ हेच उपजीविकेचे साधन मानून बक्षिसाच्या रकमेसाठी खेळणारी स्त्री म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फपटू. तिला महिन्याचा पगार नसतो आणि पाठीशी संघही नसतो. प्रवास, मुक्काम, प्रवेश फी, बॅग उचलणाऱ्या कॅडीचा मोबदला हा सगळा खर्च आधी होतो आणि कमाई नंतर, तीही झाली तर. एकट्याने खेळायच्या खेळांची नागपूरला चांगली ओळख आहे. २०२५ साली बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख, बॅडमिंटनपटू मालविका बनसोड, तिरंदाज ओजस देवतळे ही याच शहराची मुले. बुद्धिबळातले नॉर्म किंवा बॅडमिंटनचे मानांकन म्हणजे काय हे इथल्या पालकांना आता समजावून सांगावे लागत नाही. गोल्फमधले ‘कार्ड’ आणि ‘कट’ हे शब्द मात्र अजून घराघरात पोचलेले नाहीत, आणि गोल्फपटूची सगळी कारकीर्द या दोन शब्दांवर उभी असते.

हौशी ते व्यावसायिक

सुरुवात बहुधा सहा ते दहा वर्षांच्या वयात होते. आधी हँडिकॅप मिळतो, म्हणजे खेळाडू पारपेक्षा (मैदानासाठी ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा) साधारण किती फटके जास्त घेते याचा अधिकृत आकडा. पुढची काही वर्षे तो खाली आणण्यात जातात. ज्युनियर आणि हौशी स्पर्धा भारतीय गोल्फ संघाच्या, म्हणजे इंडियन गोल्फ युनियनच्या कक्षेत होतात. हौशी खेळाडूने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बक्षीस घेतले तर तिचे हौशीपण संपते. २०२२ पासून ही मर्यादा १,००० डॉलर आहे. त्याच वर्षीच्या बदलांमुळे हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येऊ लागला. साध्या घरातल्या मुलींच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. त्याआधी सगळा भार आईवडिलांवरच होता.

सतरा ते एकोणीस या वयात बऱ्याच मुली व्यावसायिक होतात. काही जणी अमेरिकेतल्या विद्यापीठाची क्रीडा शिष्यवृत्ती घेऊन चार वर्षे तिथे खेळतात, पदवी हातात घेतात आणि मग निर्णय करतात.

कार्ड आणि कट

कार्ड म्हणजे एखाद्या टूरवर, म्हणजे स्पर्धांच्या मालिकेत, त्या हंगामात खेळण्याचा हक्क. तो मिळवण्यासाठी क्वालिफाइंग स्कूल, बोलीभाषेत क्यू-स्कूल, ही अनेक फेऱ्यांची स्पर्धा खेळावी लागते. नाव शाळेचे असले तरी ती परीक्षा आहे. एका आठवड्यातला एखादा चुकलेला पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका) अख्ख्या वर्षाचे वेळापत्रक बदलून टाकतो. वर्षअखेरीस क्रमवारीत ठरावीक जागेच्या खाली घसरलेल्या खेळाडूला पुन्हा तिथेच जावे लागते, मग आधीच्या वर्षी ती कितीही चांगली खेळलेली असो.

भारतात महिला गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची टूर ही पहिली पायरी. तिच्या स्पर्धा बहुधा ५४ होलांच्या, म्हणजे रोज १८ होल अशा तीन दिवसांच्या असतात. त्यावर लेडीज युरोपियन टूर, आणि सर्वांत वर अमेरिकेतली एलपीजीए (लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन). ही संस्था १९५० साली तेरा महिला खेळाडूंनी स्वतः उभी केली. पहिली काही वर्षे याच खेळाडू मैदान आखत, नियम पाहत, गावोगाव प्रचार करत आणि मग खेळतही.

कट ही दुसरी कसोटी. पहिल्या ३६ होलांनंतर गुणतक्त्यावर एक रेघ ओढली जाते. रेघेच्या वर राहिलेल्या पुढे खेळतात, बाकीच्या सामान बांधतात. बहुतेक स्पर्धांत कट हुकलेल्या खेळाडूला एक रुपयाही मिळत नाही. शिखरावरचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०२४ च्या यूएस विमेन्स ओपनची एकूण बक्षिसे १ कोटी २० लाख डॉलरची होती आणि विजेत्या युका सासो हिला २४ लाख डॉलर मिळाले. पण कारकीर्द मोजायची ती या आकड्यांवरून नाही, वर्षात किती वेळा कट पार झाला यावरून. तिसाव्या, चाळिसाव्या क्रमांकाचे धनादेश गोळा करत टिकून राहिलेली खेळाडू ही या व्यवसायातली खरी यशस्वी खेळाडू होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्पर्धेचा आठवडा बाहेरून निवांत दिसतो. तो तसा नसतो. सरावफेरीत खेळाडूच्या मागच्या खिशात एक छोटी वही असते. त्यात प्रत्येक होलचा नकाशा आणि पेन्सिलीने केलेल्या बारीक नोंदी: बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) कडेपासून ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) मध्यापर्यंत १४२ यार्ड, मागे उतार, डावीकडे जायचे नाही, सकाळी वारा समोरून. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, नेता येतात. पाणी, छत्री, रेनकोट, चेंडू आणि हातमोजे धरून तिचे वजन पंधरा किलोंच्या घरात जाते, आणि एका फेरीत आठ ते दहा किलोमीटर चालणे होते.

बॅग कोणाच्या खांद्यावर

पॅरिसमध्ये १९०० साली महिलांच्या ऑलिंपिक गोल्फची पहिली विजेती ठरली अमेरिकेची मार्गारेट ॲबट. तिचा जन्म कोलकात्याचा. नऊ होल तिने ४७ फटक्यांत पुरे केले. आपण जिंकलो ती स्पर्धा ऑलिंपिकची होती हे तिला १९५५ साली मृत्यू येईपर्यंत कळले नाही. त्यानंतर महिला गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतले ते थेट २०१६ मध्ये, रिओला.

मधल्या काळात भारतात वाट पाडली ती कोलकात्याच्या स्मृती ऊर्फ सिमी मेहरा यांनी. १९९० च्या दशकात एलपीजीए टूरवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय. तेव्हा देशात महिलांची व्यावसायिक टूरसुद्धा नव्हती. शिकायला पुढे कोणी नसताना इतके दूर जाणे काय असते, हे लहान शहरातून खेळणाऱ्या मुलीला चटकन समजेल.

बेंगळुरूची अदिती अशोक (जन्म १९९८) ही या कारकिर्दीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत युरोपियन टूरची क्यू-स्कूल स्पर्धा तिने जिंकली, १ जानेवारी २०१६ ला ती व्यावसायिक झाली, ऑगस्टमध्ये अठराव्या वर्षी रिओला खेळली आणि नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकून युरोपियन टूरवर विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली. २०१७ मध्ये ती एलपीजीएवर पोचली.

रिओत तिची बॅग वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने. ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी, शेवटच्या फेरीसाठी, गोल्फचे नियम माहीत नसलेली कितीतरी भारतीय घरे पहाटेपासून टीव्हीसमोर बसली होती. जागतिक क्रमवारीत अदिती तेव्हा दोनशेवी होती. त्याच वर्षी कोविड होऊन गेल्याने तिचे लांबचे फटके आखूड पडत होते आणि सगळी मदार पटिंगवर होती. वादळी पावसाने खेळ मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला. अठराव्या होलवरचा तिचा लांब पट होलच्या अगदी जवळून गेला. ६७, ६६, ६८, ६८ मिळून २६९ फटके, पारपेक्षा १५ कमी, चौथा क्रमांक. रौप्य आणि कांस्य मिळवणाऱ्या दोघी तिच्यापेक्षा एका फटक्याने पुढे होत्या. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सात फटक्यांची आघाडी घेऊन ती शेवटच्या फेरीत उतरली, त्या दिवशी ७७ फटके लागले आणि सुवर्णाऐवजी रौप्य मिळाले. गोल्फमध्ये वैयक्तिक आशियाई पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी तिने युरोपियन टूरवर केनिया आणि स्पेनमध्ये विजेतेपदेही घेतली.

हरियाणाची दीक्षा डागर (जन्म २०००) डावखुरी आहे आणि तिला लहानपणापासून ऐकू येण्याची अडचण आहे. वडील सैन्यातले अधिकारी. तेच तिचे प्रशिक्षक आणि अनेकदा कॅडीही. २०१९ मध्ये अठराव्या वर्षी तिने दक्षिण आफ्रिकेतली महिला ओपन स्पर्धा जिंकली. बधिरांच्या ऑलिंपिकमध्ये तिने २०१७ ला रौप्य आणि २०२२ ला सुवर्ण मिळवले.

दोघींच्याही कारकिर्दीत एक गोष्ट ठळक दिसते. मुलीची बॅग आई किंवा वडिलांच्या खांद्यावर आहे. यात माया आहे तशी काटकसरही आहे, कारण व्यावसायिक कॅडी आठवड्याचा ठरीव मोबदला आणि बक्षिसात वाटा घेतो. भारतात महिला गोल्फ उभे राहिले ते घराच्या बळावर. सरकारच्या २०१४ साली सुरू झालेल्या ‘टॉप्स’ (टार्गेट ऑलिंपिक पोडियम स्कीम) योजनेचा आधार या दोघींना मिळाला, पण तो नाव झाल्यावर. नाव होण्याआधीची आठ-दहा वर्षे घरच सांभाळते.

नागपूरच्या बाजूने

गोल्फ भारतात छावण्या, सिव्हिल लाइन्स आणि क्लब यांच्या वाटेने आला. त्यामुळे मैदानाच्या फाटकातून आत कसे जायचे, हाच नव्या कुटुंबापुढचा पहिला प्रश्न असतो. मुलीला सायकलवर पाठवून मोकळ्या पटांगणात शिकवता येईल असा हा खेळ नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि नवतपा लागला की नऊ वाजताच झळा सुरू होतात. सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून फेरी त्याच्या आगेमागे सुरू करून आठ-साडेआठपर्यंत संपवावी लागते. एवढ्या वेळात नऊ होल होतात, क्वचित थोडे जास्त. बॅगेला तीन हातमोजे लटकवलेले असतात. एक घामाने भिजला की दुसरा चढवायचा. वाळलेला पहिला मोजा घामाच्या मिठाने कडक होतो आणि बोटांच्या घड्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात. डब्यात पन्हे, डोक्याला दुपट्टा, आणि आजीच्या आग्रहाखातर बॅगेच्या एखाद्या कप्प्यात कांदा. गरम हवा विरळ असल्याने चेंडू थोडा लांब जातो, टणक जमिनीवर तो घरंगळतोही जास्त. इथे उन्हाळ्यात पाठ केलेली अंतरे जानेवारीत, किंवा युरोपातल्या थंड वाऱ्यात, खोटी ठरतात. वहीत दोन रकाने ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

तिसरी गोष्ट जमिनीची. विदर्भाची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगून चिकट होते. निचरा नीट नसेल तर पावसाळ्यात उंचावरून पडलेला चेंडू तिथेच रुततो. मैदानाच्या सर्वसाधारण भागात, बंकर सोडून, रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून जवळ टाकता येतो. हा नियम विदर्भातल्या मुलीला तोंडपाठ असायला हवा, कारण तिला तो सगळ्यात जास्त लागणार.

भौगोलिक जागेचा एक फायदाही आहे. भारतीय टूरच्या स्पर्धा दिल्ली परिसर, बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता, पुणे-मुंबई अशा विखुरलेल्या असतात आणि नागपूरहून चारही दिशांना रेल्वे जाते. रात्री बॅग सीटखाली सरकवायची आणि सकाळी सरावफेरीला उतरायचे, हे यांपैकी काही शहरांसाठी इथून शक्य आहे. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने मुंबईकडची वाट सोपी झाली.

नोकरी, लग्न, मूल या प्रश्नांना इथल्या मुलीला इतर कोणापेक्षाही लवकर तोंड द्यावे लागते. ‘पोरगी करते काय बाप्पा नेमकं?’ असे नातेवाईक विचारतात, आणि उत्तर देताना आईची दमछाक होते. मूल झाल्यावर कारकीर्द संपतेच असे नाही. एलपीजीएने १९९३ मध्ये स्पर्धांसोबत फिरणारे पाळणाघर सुरू केले आणि अनेक खेळाडूंनी मुलांना घेऊनच हंगाम काढले. भारतीय टूरवर अशी सोय झाली तर पंचविशीनंतर खेळ सोडणाऱ्या मुलींपैकी काही नक्की टिकतील.

नागपुरात सरावाला सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी गवतावर दव असते, हवा स्थिर असते आणि दुपारीही खेळता येते. सतरा वर्षांच्या मुलीने व्यावसायिक व्हायचे की नाही, हे ज्या वर्षी ठरते त्या वर्षी नेमक्या याच महिन्यांत बारावीची सराव परीक्षा, प्रात्यक्षिके आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा असते.